थांबायची खूण

देवाने सगळ्या तापीकाठाला वाटायला म्हणून काढून ठेवलेला आवाज घाईगडबडीत एकाच माणसाच्या गळ्यात ओतला, आणि तो माणूस नेमका आमच्या आयटीआयत वेल्डिंग शिकवायला आला. हे मी उगाच वाढवून सांगत नाही. त्यांच्या वर्कशॉपला लागून असलेल्या खोलीत मी कित्येक वर्षं इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं आहे, आणि भिंतीपलीकडून "अरे होल्डर नीट धर ना भो!" अशी आरोळी आली की माझ्या फळ्यावरची सरळ रेषा वाकडी व्हायची. आमच्या प्राचार्यांनी कुणाला बोलवायला कधी शिपाई पाठवला नाही. ते वेल्डिंगवाल्या सरांना सांगत, आणि हवा असलेला माणूस गावात कुठेही असला तरी पाच मिनिटांत धापा टाकत हजर होई. धडगावची जीप स्टँडवरून सुटली आणि सर मागे राहिले, तर ती घाटाच्या पहिल्या वळणाला थांबलेली असायची. एकदा आम्ही दोघं एका आजारी सहकाऱ्याला दवाखान्यात पाहायला गेलो. परत निघताना वॉर्डच्या दाराशी सर माझ्या कानाला लागले आणि अगदी हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने हळू, म्हणाले, "ड्रॉइंग, हाऊ काही वाचत नही दिसस रे." त्यावर आतल्या सर्वांत शेवटच्या खाटेवरून पेशंटनेच क्षीण उत्तर दिलं, "वाचसू ना सर, वाचसू." आणि तो वाचलाही. सरांना तोंडावर खोटं पाडायचं म्हणूनच वाचला असावा, असं माझं मत आहे.

मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. मी जो विषय शिकवायचो तेच माझं नाव. ते स्वतः सारंगखेड्याच्या अलीकडच्या एका गावातले, घरची केळी-पपईची बागायत, मोठी भावकी, पाटीलकीचा ताठा असलेलं घराणं. या माणसाला शेतीत रस नव्हता, मानपानात नव्हता. एकच ध्यास होता: डोंगरातल्या पोरांना बाहेर पाठवायचं. बाहेर म्हणजे पुण्याला-सुरतेला नव्हे, पार बाहेर. स्वतः ते सुरतेच्या पलीकडे गेले नव्हते, पण पासपोर्ट मात्र काढून ठेवला होता आणि तो शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचे. "पोरेस्ले दखाडाले लागस ना," म्हणायचे. तो कोरा पासपोर्ट पोरांच्या हातातून फिरून फिरून इतका मळला, की एखाद्या विमान कंपनीच्या मालकाचाही मळत नसेल.

मग एक दिवस पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम आल्या. जर्मनीतल्या एका लहान गावात शेतीच्या ट्रॉल्या बनवणारा कारखाना होता. तिथे तीन वर्षं काम करत शिकायचं, राहण्याजेवणाची सोय, पुढे नोकरी. आणि अट अशी की ज्यांच्या वाट्याला एरवी अशी संधी येत नाही अशीच पोरं हवीत: डोंगरातली, गरिबाघरची, मुली असल्या तर उत्तम, अंगात काही उणं असलं तरी चालेल. सरांनी ती अट ऐकली आणि जणू त्यांच्याच घरी स्थळ सांगून आलं आहे अशा थाटात मॅडमना दोन वेळा चहा पाजला.

त्या दिवसापासून तयारीला ऊत आला. जर्मनीत थंडी फार, असं कळताच सरांनी पुतण्याच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये निवडक पोरांना स्वेटर घालून बसवलं, आणि स्वतः त्यांच्याबरोबर बसले. पोरं तोरणमाळकडची, तिथे हिवाळ्यात पहाटे गवतावरचं दव गोठतं. ती आत बसून निवांत पत्ते खेळली. सर पुढचा आठवडाभर शिंकत होते, आणि ती शिंक तर त्यांच्या बोलण्यापेक्षाही मोठी. तिथल्या जेवणात तिखट नसतं, म्हणून आठ दिवस सगळ्यांनी नुसते उकडलेले बटाटे खायचे, असा हुकूम निघाला. तिसऱ्या दिवशी सरांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी मला खूण करून स्वयंपाकघराच्या खिडकीतून दाखवलं: सर पाठमोरे उभे राहून बटाट्यावर लाल तिखट टाकत होते. मग सरकते जिने चढायची सवय हवी म्हणून सगळी फौज सुरतेच्या मॉलमध्ये नेली. पोरं सतरा वेळा वर-खाली करून आली. सर मात्र खालीच उभे राहून ओरडत होते, "पाय उचला! हात धरा! भ्यायचं नही!" शेवटी सुरक्षारक्षकाने येऊन अदबीने विचारलं की साहेब, आपणही एकदा जाऊन बघता का. सर म्हणाले, "माले कसाले? मी कोठे जाई ऱ्हायनू?"

या फौजेत सायसिंग होता. तोरणमाळच्या खालच्या अंगाला, एका पाड्यावरचा. लहानपणी मोठा ताप आला, त्यात जीव वाचला पण दोन्ही कान गेले. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत तो लिहा-वाचायला शिकला आणि मग आमच्याकडे वेल्डिंगला आला. सगळ्या इमारतीत सरांच्या आवाजाने ज्याचे कान कधी किटले नाहीत असा तो एकटाच, आणि सरांचं बोलणं सगळ्यांत चांगलं समजायचं तेही त्यालाच. कारण सर नुसत्या तोंडाने बोलत नसत. भुवया, खांदे, कोपर, सगळं अंग एकदम बोलायचं. हळूहळू दोघांची एक वेगळीच भाषा झाली. चष्मा वर ढकलून हवेत एक रेघ ओढली की तो मी. दोन्ही तळवे छातीसमोर उभे धरले की ‘थांब’. ही खूण वर्कशॉपमध्ये ठिणगी उडण्याआधी कामाची म्हणून सुरू झाली, आणि मग जेवणाच्या पंगतीपर्यंत गेली. सरांसाठी सायसिंगने स्वतःच एक खूण शोधली होती. त्याला आवाज म्हणजे काय हे आठवत नव्हतं, पण सर बोलायला लागले की आजूबाजूची माणसं काय करतात हे तो रोज पाहत होता. म्हणून ‘सर’ म्हणायचं असलं की तो दोन्ही कानांत बोटं घालायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा सर इतके हसले की पत्र्याचं छप्पर थरथरलं, आणि सायसिंगने छपराकडे बघत पुन्हा कानांत बोटं घातली.

निवडीच्या दिवशी मॅडमनी चार नावं वाचली. त्यात सायसिंग नव्हता. संस्थेचा हेतू चांगला होता, पण कर्णबधिर मुलगा परक्या देशात एकटा कसा राहील, या काळजीने त्यांचं मन होत नव्हतं. सर उठले. ऑफिसात बोलायचं म्हणून शुद्ध मराठीची तयारी करून आले होते, ती अर्ध्या वाटेत सुटली. "मॅडम, तुमचे हे चार तिथं जातील. लोक जर्मन बोलतील. यांना काहीच समजणार नाही. घाबरतील, रडतील, फोन करतील. काबर? कारण त्यांना ते नवं शे. सायसिंगला लहानपणापासून सवय शे! न ऐकता कसं जगायचं हे त्याला येतं, ते त्या चौघांना शिकावं लागेल!" मॅडमनी मिटलेली यादी पुन्हा उघडली. मग त्यांनी जर्मनीला विचारलं, तिथे खुणांनी शिकवणारा माणूस मिळतो असं कळलं, आणि यादीत पाचवं नाव चढलं.

पण जायचा दिवस ठरला तो होळीच्या तोंडावर, आणि घोडं तिथे अडलं. सायसिंगच्या आईने, तापात पोरगा हातचा जातो आहे असं वाटलं तेव्हा, होळीला नवस केला होता: हा वाचला तर मोठा झाल्यावर सलग पाच होळ्या बुध्या होऊन नाचेल. सातपुड्यात नवसाचा बुध्या म्हणजे गंमत नव्हे. होळीआधीचे दिवस अनवाणी राहायचं, खाटेवर बसायचं नाही, अंघोळ नाही, आपलं आपण रांधून एक वेळ खायचं. मग अंगभर राखेचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरू, आणि पाड्यापाड्याच्या होळीला नाचायचं. सायसिंगच्या दोन होळ्या झाल्या होत्या. दुसऱ्या होळीला सर आणि मी मुद्दाम बघायला गेलो होतो. ढोल ऐकू न येणारा हा पोरगा समोरच्यांच्या खांद्यांवरून ताल उचलायचा आणि एकदा तो अंगात भिनला की नजर एका जागी लावून नाचत सुटायचा. ढोल थांबला, बाकीचे थांबले, तरी त्याला पत्ता नसे. लहानपणी आई हात धरून थांबवायची म्हणे. त्या होळीला सर त्याच्या नजरेसमोर जाऊन उभे राहिले आणि ढोल थांबला की दोन्ही तळवे वर करायचे. रात्रभर त्यांनी दुसरं काही केलं नाही.

आता तीन होळ्या उरल्या होत्या आणि तीनच वर्षं बाहेर राहायचं होतं. आई ऐकेना. तिचं म्हणणं साधं होतं: देवाने कान घेतले, जीव परत दिला, नवस मोडला तर जीवही मागेल. सायसिंग खाली मान घालून बसला. त्याने खुणेने सांगितलं, मी जात नाही. सर आणि मी जीपने वर गेलो, तिथून पायी पाड्यावर. नवस-होळीचं बघणारा पुजारा बसला होता, गावची जाणती माणसं होती. पावरी बोलीत पुष्कळ बोलणं झालं, आणि शेवटी पुजाऱ्याने आम्हाला समजेल असं सांगितलं की नवसाचं माणूस नसेल तर घरातलं माणूस उभं राहू शकतं. पण या घरात आई आणि लेक, तिसरं कुणी नव्हतं. तेव्हा आमचे वेल्डिंगवाले सर, तापीकाठचे पाटील, रक्तदाबाच्या दोन गोळ्या खाणारे, चहाशिवाय ज्यांचा डोळा उघडत नसे ते, उभे राहिले आणि म्हणाले, "मी नाचसू."

सगळे हसले. सर हसले नाहीत. "मी त्यान्हा घरनाच शे," म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना खरोखर हळू बोलताना ऐकलं. मग सायसिंगची आई उठली, आतून मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ घेऊन आली, आणि एकाच ताटात लेकाला आणि सरांना वाढलं. दोघांनी ते संपवल्यावर ती पुजाऱ्याला म्हणाली, "एका ताटात जेवले. आता बघ घरातला आहे का नाही."

सायसिंग गेला. निघताना विमानतळाच्या दारात त्याने सरांना दोन बोटं कानांत घालून दाखवली, आणि मागच्या रांगेतल्या कुणा बाईने, हा पोरगा असं का करतो आहे, म्हणून आमच्याकडे रागाने पाहिलं.

आणि त्या होळीला सर नाचले. ते दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याला मी काय सांगू! सरांनी व्रत पाळलं, अनवाणी राहिले, स्वतः रांधलेला करपलेला भात खाल्ला. कमरेच्या दोऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून दुध्या-घुंगरांसाठी वर्कशॉपमध्ये स्वतःच लोखंडी कडं वेल्ड केलं होतं, अगदी पक्कं, घासूनपुसून. पण नाच! न ऐकणाऱ्या सायसिंगचा ताल कधी चुकला नव्हता, आणि दोन्ही कान शाबूत असलेल्या सरांना रात्रभर तो सापडला नाही. ढोल पूर्वेला तर सर पश्चिमेला. पोरं हसून हसून लोळली. पहाटे होळीच्या उंच बांबूला आग लावली तेव्हा सर घामाने भिजलेले, ठिपके ओघळलेले, डोळ्यांतून पाणी, आणि तरी नाचत होते. सायसिंगची आई कडेला बसून पाहत होती. ती एकदाही हसली नाही.

कुणीतरी मोबाइलवर काढलेलं ते नाचणं, सर घरी पोचायच्या आधी भावकीत पोचलं. थोरले भाऊ दारातच उभे. "पाटीलना पोऱ्या राख फासीसन नाचस! लाज शे का?" सरांनी चप्पल शोधता शोधता उत्तर दिलं, "सप्ताहमा तू टाळ वाजाडस, तुले मी कधी काही म्हनना का?" त्यानंतर भाऊ वर्षभर बोलले नाहीत. सरांना ते फार लागलं होतं. मला माहीत आहे, कारण ते वर्षभर त्याबद्दल काहीच ओरडले नाहीत. पुढच्या होळीला ते पुन्हा नाचले, पुन्हा बेताल. दर रविवारी जर्मनीहून सायसिंगचा व्हिडिओ फोन यायचा. तो आपलं काम दाखवायचा, बर्फ दाखवायचा, वेल्डिंगची शिवण कॅमेऱ्याला चिकटवून दाखवायचा, आणि सर मोबाइलसमोर दोन्ही हात नाचवत त्याला झापायचे. फोनवर हातवारे करत ओरडणारा माणूस पाहून पोस्टमन पत्र कुंपणावरूनच टाकायचा.

एका सकाळी मी फळ्यावर शंकू काढत होतो. पलीकडे हजेरी चालली होती. मधेच ती थांबली. पोरांना वाटलं, सर रागावले. मी मात्र त्या भिंतीपलीकडे इतक्या वर्षांत कधी शांतता ऐकली नव्हती. खडू टाकून धावलो. सर खुर्चीत एका अंगावर कलले होते आणि तोंड उघडं होतं, पण त्यातून काहीच येत नव्हतं.

उजवं अंग गेलं आणि आवाज गेला. डावा हात तेवढा हलायचा. आम्ही सगळे भोवती जमून ओळखायचो: पाणी? पंखा? खिडकी? सर चिडून तोंड फिरवायचे. रविवारी नेहमीसारखा फोन आला. वहिनींनी रडत रडत तो सरांसमोर धरला. सायसिंगने सरांचा डावा हात निरखून पाहिला आणि लगेच मेसेज टाइप केला: ‘उशी नको. चष्मा द्या.’ चष्मा दिला. सर शांत झाले. तेव्हापासून त्या घरात असं चालायचं. काही समजलं नाही की वहिनी जर्मनीला फोन लावायच्या. कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत सायसिंग सरांचा हात वाचायचा आणि इकडे कळवायचा. वरणात मीठ कमी आहे, हे आम्हाला जर्मनीहून कळायचं. थोरले भाऊ एकदा भेटायला आले, पायाशी बसून राहिले. सर डाव्या हाताने बराच वेळ काहीतरी सांगत होते. सायसिंगचा मेसेज आला: ‘सर विचारतात, टाळ आणला का?’ भाऊ दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले.

शेवटची होळी जवळ आली. सायसिंगचं दुसरं वर्ष संपत आलं होतं, होळीला यायची रजाही ठरली होती. आता सरांना नाचता येणार नाही हे उघडच होतं, पण सायसिंगच्या मेसेजमधून सरांनी मला बजावलं, ‘ड्रॉइंग, मला वर न्यायचं. मी समोर बसेन. थांब म्हणायला एक हात पुरतो.’ मी जीप सांगून ठेवली, खुर्ची बांधायला दोर घेतला. आणि होळीच्या थोडे दिवस आधी, दुपारी, वहिनी भाजी निवडत असताना, सर गेले. हाकही न मारता गेले. सर हाक न मारता कुठे गेले, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

डोंगरावरून सायसिंगची आई खाली आली. उन्हातून, अनवाणी, जीपला पैसे असूनही पायी. तिने वहिनींचे हात धरले आणि मोडक्या मराठीत एवढंच म्हणाली, "माझ्या पोरावरचं यानं स्वतःवर घेतलं." तसं काही नसतं, डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला होता, हे सगळं मला माहीत आहे. पण तिला ते सांगायला मी तोंड उघडलं नाही, आणि अजूनही उघडू शकणार नाही.

सायसिंगला अंत्ययात्रेला पोचता आलं नाही. तो आला तेव्हा सरांच्या फोटोला हार होता. चांगला उंच झाला होता, अंगावर कारखान्याचं जाड जाकीट. दारात उभा राहून त्याने फोटोकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं, आणि दोन्ही कानांत बोटं घातली. इतके दिवस लोकांसमोर धीराने बसलेल्या वहिनी तेव्हा मोठ्याने रडल्या. नंतर त्यांनी कपाटातून ते लोखंडी कडं काढून त्याच्या हातात दिलं. तो कितीतरी वेळ वेल्डिंगच्या जोडावरून अंगठा फिरवत राहिला.

पुजारा म्हणाला, उरलेली होळी आता ज्याची त्याने पुरी करायची. मी ठरल्या जीपने वर गेलो. शेजारची जागा रिकामी होती. पहाटे बांबू पेटला, ढोल घुमला. सायसिंग राखेचे ठिपके लावून, कमरेला सरांचं कडं अडकवून नाचत होता. ताल तसाच, एकही पाऊल न चुकणारा. नजर एका जागी लागलेली. माझ्या लक्षात आलं की मी नकळत तिथेच येऊन उभा राहिलो आहे, जिथे त्या होळीला सर उभे राहिले होते.

ढोल थांबला. बाकीचे बुध्ये थांबले. सायसिंग नाचतच राहिला. त्याची आई कडेला बसली होती, हात गुडघ्यांवर. ती उठली नाही. माझे दोन्ही हात छातीपर्यंत आले. तो माझ्याकडे, माझ्या मागे, कुठेतरी बघत होता. मी हात खाली घेतले.

सगळं मैदान गप्प होतं. सरांनी वेल्ड केलेल्या कड्यातले घुंगरू तेवढे वाजत होते, आणि ते मोठ्याने वाजत होते.